छातीत धडधड, गॅस आणि न विचारलेला प्रश्न: भुसावळच्या एका लोको पायलटचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ४२, मालगाडीचे लोको पायलट, मुख्यालय भुसावळ, मूळ गाव अमळनेर तालुक्यात. इथे त्यांना रमेशभाऊ म्हणू. हे प्रकरण शिकण्या-शिकवण्यासाठी बांधलेलं आहे. अशा अनेक रुग्णांत दिसणाऱ्या गोष्टी एका माणसाच्या नावावर मांडल्या आहेत, त्यामुळे कोणा एकाची ओळख यात शोधू नये.

ऑगस्टमध्ये ते बायकोसोबत आले. तक्रार त्यांच्याच शब्दांत: “गॅस डोकामा चढस, मंग छाती धडधड करस, रातले झोप नही.” हा त्रास सहा महिन्यांचा. फाइलमध्ये तीन ईसीजी, एक टू-डी एको, एकदा केलेलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते पाहणारी रक्ततपासणी), सगळं नॉर्मल. एंडोस्कोपीत जठराला किरकोळ सूज. औषधांत ॲसिडसाठी पँटोप्राझोल, आणि रात्री अल्प्राझोलाम (चिंता शमवणारी, सवय लागू शकणारी गोळी) ०.२५ मिलिग्रॅम, जी आता ०.५ झाली होती आणि चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून सुरू होती. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमाराला कोणीतरी एस्सिटालोप्राम हे नैराश्यविरोधी औषध १० मिलिग्रॅम दिलं होतं. पाच दिवसांत घाबरेपणा वाढला म्हणून यांनी ते स्वतःच बंद केलं. कागदांवर निदानं दोन: आधी ‘ॲसिड पेप्टिक’, नंतर ‘पॅनिक डिसऑर्डर, डिप्रेशन?’

एवढ्या कागदांत एक ओळ कुठेच नव्हती: हा त्रास सुरू होण्याआधी काय घडलं होतं.

शरीराची बाजू आधी

मनाचा आजार म्हणण्याआधी शरीर पाहायचंच, पण तेच ते पुन्हा नाही. चौथ्या ईसीजीने काही नवं सांगितलं नसतं. राहिलेल्या तपासण्या केल्या: थायरॉइडसाठी टीएसएच २.१, हिमोग्लोबिन १३.८, उपाशी साखर ९४, यकृताच्या तपासण्यांत फक्त जीजीटी थोडं वाढलेलं. बी-१२ मात्र १६८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे कमी. शाकाहारी घरांत हे वारंवार सापडतं. बी-१२ कमी असलं की थकवा, मुंग्या, उदासी येऊ शकते, म्हणून ते भरून काढायचं. मात्र ‘बी-१२ सापडलं, कारण सापडलं’ म्हणून तिथेच थांबणं ही नेहमीची चूक आहे. गाडीची शिट्टी ऐकली की दचकणं (ते पुढे येईल) बी-१२मुळे होत नाही.

चहा विचारला. रात्रपाळीत आठ-दहा कप. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं बायकोला विचारलं, कारण झोपलेल्या माणसाला ते ठाऊक नसतं. तसं काही नव्हतं. रनिंग ड्यूटीच्या, म्हणजे गाडीवर काम करणाऱ्या माणसाची झोप वेळापत्रकामुळे बिघडतेच, म्हणून प्रश्न असा केला: सलग चार दिवस रजेवर गावी असता तेव्हा झोप कशी लागते? उत्तर आलं, तिथेही पहाटे अडीच-तीनला दचकून जाग येते, बनियन भिजलेलं असतं. नुसता पाळीचा त्रास रजेत बराच उतरतो. हा उतरत नव्हता.

दोन मोजपट्ट्या आणि त्यांची मर्यादा

नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत १६ गुण, चिंता मोजणाऱ्या जीएडी-७ मध्ये १५. पहिल्या पट्टीत १५ ते १९ म्हणजे मध्यम ते तीव्र, दुसरीत १५पासून पुढे तीव्र. इथेच बहुतेक ठिकाणी लेखणी चालते: ‘नैराश्य आणि चिंता’, गोळी लिहिली, पुढचा रुग्ण. पण या दोन्ही पट्ट्या गेल्या दोन आठवड्यांत किती त्रास झाला ते मोजतात, तो कशामुळे झाला ते विचारत नाहीत. झोप उडणं, चित्त न लागणं, चिडचिड, मन न रमणं ही लक्षणं नैराश्यात आहेत, चिंताविकारात आहेत आणि आघातोत्तर ताण विकारातही, म्हणजे पीटीएसडीतही आहेत. तिन्ही आजारांत गुण वर जाणार. त्यामुळे आकडा मोठा आला की काम संपत नाही, तपास कोणत्या दिशेने न्यायचा एवढंच कळतं.

निदान वेगळं होतं ते दोन प्रश्नांनी. धडधडीचा पहिला झटका नेमका कधी आला आणि त्यावेळी कुठे होता? आणि झटका न सांगता येतो, की काहीतरी दिसल्या-ऐकल्यावर?

पॅनिक डिसऑर्डरमध्ये झटके ध्यानीमनी नसताना येतात, आणि नंतर निदान महिनाभर ‘पुन्हा येईल’ या धास्तीने माणूस वागणं बदलतो. रमेशभाऊंना आधी वाटत होतं की झटके कधीही येतात. मागच्या दहा झटक्यांची जागा आणि वेळ कागदावर लिहायला सांगितली तेव्हा चित्र फिरलं. सहा झटके इंजिनात, पाचोरा ते चाळीसगाव या टप्प्यात, तेही अंधारात. दोन फाटकाजवळ मोटरसायकलवर. उरलेले दोन घरी, संध्याकाळी आठ-नऊच्या सुमाराला. या शेवटच्या दोन्हींचं कारण वेगळंच निघालं: अल्प्राझोलामचा अंमल साधारण अर्ध्या दिवसात ओसरायला लागतो, आणि रोज रात्री दहाला घेणाऱ्याला त्याआधीच्या तासांत अंग मागणी करू लागतं. औषधानेच केलेली धडधड आजाराच्या खात्यात मांडली जात होती.

घटना कशी विचारली

रमेशभाऊंशी आधी एकट्याशी बोलणं झालं, मग त्यांच्या परवानगीने बायकोला आत बोलावलं. ‘काही टेन्शन आहे का?’ या प्रश्नाला खान्देशातला कमावता पुरुष ‘नही’ म्हणणार हे धरूनच चालावं. म्हणून असं विचारलं: “कामात किंवा घरी असा प्रसंग घडतो की आपला जीव जाईल असं वाटतं, किंवा दुसऱ्याचा जीव जाताना डोळ्यांनी बघावं लागतं. तुमच्या बाबतीत असं कधी घडलंय? घडलं असेल तर आत्ता सगळं सांगायची गरज नाही. हो किंवा नाही एवढंच सांगा.”

बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, हो. जानेवारीत, रात्रीच्या गाडीवर, एक बाई रुळात उभी होती. हॉर्न दिला, आपत्कालीन ब्रेक लावला. भरलेली मालगाडी तसा ब्रेक लावल्यावरही किलोमीटरभर जाऊ शकते. खाली उतरून पाहावं लागलं, वॉकीटॉकीवर कळवावं लागलं आणि नंतर गाडी पुढे न्यावी लागली. सोळा वर्षांत रनओव्हर, म्हणजे माणूस गाडीखाली येणं, आधीही झाले होते. या वेळी तिने वर पाहिलं होतं.

यापुढे काही खोदलं नाही, आणि तेच बरोबर. निदानासाठी लागते ती घटनेची जात, तारीख आणि रुग्णाचा तिच्याशी आलेला थेट संबंध. बारकावे पहिल्याच भेटीत वदवून घेतले तर माणूस त्या रात्री झोपत नाही आणि पुढच्या भेटीला येत नाही. ते बारकावे उपचारांत, शिकलेल्या माणसासमोर, ठरवून काढायचे असतात.

बायको आत आली तेव्हा तिने जे सांगितलं ते सहा महिन्यांच्या फाइलपेक्षा मोलाचं होतं. “शिट्टी वाजनी का ते दचकतस. रातले उठीसन बठतस.” क्वार्टर यार्डाजवळ, शिट्ट्या रात्रभर. श्रावणात कानबाईच्या रोटांना (खान्देशातला देवीचा सण) गावी जायचं होतं. रेल्वेचा पास खिशात असून हे बसने गेले. आणि मग हळूच: “त्या बाईनी सावली पडनी,” म्हणजे त्या बाईची सावली पडली. घरच्यांनी जूनमध्ये त्यांना एका भगताकडे नेलं होतं. भगताने पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, काय घडलं, कधी घडलं. घराला घटना माहीत होती, भगताला माहीत होती, दवाखान्याला माहीत नव्हती. हे मनाला लागण्यासारखं आहे, आणि तपासणाऱ्या प्रत्येकाने याचा विचार करावा. कुटुंबाची ही समजूत खोडून काढायच्या भानगडीत पडलो नाही. नारळ-लिंबाने कुणाचं नुकसान होत नाही. मारहाण, उपास घडवणं किंवा औषध बंद करायला लावणं होत असेल तर मात्र तिथे स्पष्ट ‘नाही’ म्हणायचं. असं काही होत नव्हतं.

निकषांवर तपासून पाहिलं तेव्हा

पीसी-पीटीएसडी-५ हे पीटीएसडीच्या प्राथमिक चाचणीचे पाच हो-नाही प्रश्न आहेत. तीन होकारांची मर्यादा धरली तर फार थोडे रुग्ण निसटतात, चारची धरली तर उगाच धरले जाणारे कमी होतात. रमेशभाऊंचे पाचही ‘हो’. मग पीसीएल-५, म्हणजे पीटीएसडीच्या लक्षणांची प्रश्नावली: वीस प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८०, मुदत गेल्या महिन्याची. ३१ ते ३३च्या वर गेलं की पीटीएसडीची शक्यता धरून मुलाखत घ्यायची. इथे ४७. प्रश्नावली स्वतः निदान करत नाही, म्हणून डीएसएम-५ चे (अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेचे) निकष एकेक करून मुलाखतीत पडताळले.

घटना निकषात बसते: मृत्यू प्रत्यक्ष पाहिलेला. पुन्हा अनुभवणं यात एक लक्षण पुरतं, इथे तीन होती: त्या नजरेची स्वप्नं, जागेपणी ऐकू येणारा आदळल्याचा आवाज, आणि त्या टप्प्यात अंगाला फुटणारा घाम. टाळण्याचं एक पुरतं. इथे गाडीचा प्रवास टाळणं होतं, सहकाऱ्यांसमोर तो विषय टाळणं होतं आणि त्या सेक्शनच्या ड्यूट्या बदलून घेणं होतं. विचार आणि मनःस्थितीतल्या बदलांत दोन लागतात: ‘ब्रेक दोन सेकंद आधी लागला असता’ हा स्वतःवरचा दोष, मुलांच्या जवळ बसूनही काही न वाटणं, भरीत-पार्टीला बोलावलं तरी न जाणं. सतर्कतेच्या गटातही दोन लागतात: दचकणं, झोप, चिडचिड, आणि रुळाकडेच्या प्रत्येक झुडपासाठी लांबूनच हॉर्न वाजवत राहणं. मुदत महिन्याहून जास्त. कामावर आणि घरावर परिणाम स्पष्ट.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणाची वाट आखूड आहे. तिथे तीन गाभ्याच्या गोष्टी लागतात: प्रसंग आत्ता घडतोय असा पुन्हा अनुभव, टाळणं, आणि धोका अजून टळलेला नाही ही सततची जाणीव, शिवाय काही आठवडे टिकलेला त्रास आणि जगण्यात अडथळा. सारंच होतं. गुंतागुंतीचा पीटीएसडी म्हणायला याखेरीज भावना आवरता न येणं, स्वतःला कायमचं हलकं समजणं आणि नाती टिकवता न येणं हे तिन्ही खोलवर हवं. इथे घटनेआधीचा माणूस धडधाकट, मित्रांत रमणारा होता. म्हणून ते नाव दिलं नाही.

‘उशिरा सुरू झालेला’ हा शेराही दिला नाही. तो लावायला घटनेनंतर किमान सहा महिने पूर्ण निकष भरलेले नसावे लागतात. इथे छातीच्या तक्रारीने दवाखान्यात येणं उशिराचं वाटलं तरी स्वप्नं आणि टाळणं फेब्रुवारीतच सुरू झालेलं होतं. घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यातच कोणी विचारलं असतं तर तीन दिवस ते एक महिना या मुदतीतला तीव्र ताण विकार कदाचित तेव्हाच हाती लागला असता.

नैराश्य वेगळं आहे का?

यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. ‘कशात मन नाही’ या एका वाक्याखाली दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, म्हणून विचारलं: कानबाईला गाडीने गेला नाहीत, ते जायचं मन नव्हतं म्हणून, की त्या वाटेची भीती होती म्हणून? उत्तर: भीती. हे टाळणं झालं. मग दुसरं: शेतावर गेल्यावर, जिथे रूळ नाही की शिट्टी नाही, तिथे बरं वाटतं का? उत्तर: पूर्वी कपाशीत तासन्‌तास रमायचो, आता बांधावर नुसता बसतो. भूक गेलेली, चार किलो वजन उतरलेलं, ‘घराला भार झालो’ असं रोज वाटणं, आणि हे सगळं तीन महिन्यांपासून जवळजवळ दररोज. पीटीएसडीशी जुळणारी लक्षणं बाजूला काढली तरी नैराश्याच्या नऊपैकी पाच शिल्लक राहिली. म्हणून ते दुसरं निदान म्हणून लिहिलं.

औषधाआधी उन्मादाची चौकशी केली: सलग चार-पाच दिवस कमी झोपूनही अंगात भरपूर जोर, बोलणं आणि खर्च वाढलेला, लोकांच्या लक्षात येण्याइतका? घरात कोणाला? नव्हतं. हे न विचारता नैराश्यविरोधी गोळी दिली आणि आजार द्विध्रुवीय (बायपोलर) निघाला तर माणूस उन्मादात जाऊ शकतो.

आदळल्याचा आवाज ऐकू येतो म्हणून मनोविकृतीची औषधं सुरू झालेले रुग्ण पाहायला मिळतात. फरक असा: हा आवाज एकाच प्रसंगाचा आहे, डुलकीत किंवा त्या टप्प्यात येतो आणि क्षणभराने ‘हे खरं नव्हतं’ हे कळतं. कोणी आज्ञा देत नाही, कोणी बोलत नाही.

दारूचं गणितही तारखांनीच सुटलं. साइन-ऑनला, म्हणजे ड्यूटीवर रुजू होताना, श्वासाची चाचणी असते म्हणून पिणं फक्त विश्रांतीच्या दिवशी, १८० मिलीची क्वार्टर, कधी दोन. घरच्यांना ते पिणारे वाटत नव्हते. दारूच्या सवयीच्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीत १३ गुण, म्हणजे धोक्याचं पिणं (८पासून पुढे). पिणं वाढलं मे-जूनमध्ये, स्वप्नं सुरू झाली फेब्रुवारीत. न पिण्याच्या दिवशीही झटके होतेच. तेव्हा दारू हे मूळ कारण नव्हतं, तिने आजार वाढवला.

ढोंगाची शंका काही सहकाऱ्यांनी बोलून दाखवली होती: सिकमध्ये (आजारी रजेवर) राहायला बहाणा. सहा महिने डॉक्टरांपासून घटना लपवणारा, हलक्या ड्यूटीची मागणी न करणारा, वैद्यकीय वर्ग (गाडी चालवायला लागणारी आरोग्य-पात्रता) जाईल या भीतीने गप्प राहणारा माणूस बहाणा करत नसतो. असा संशय बोलून दाखवण्याने माणसं आणखी लपवतात, आणि ते धोक्याचं आहे.

जीवाचा धोका

पीएचक्यूच्या नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला त्यांनी १ दिला होता. त्यावर टिक करून पुढे जायचं नसतं. सरळ विचारलं: मरून जावं असं मनात येतं का? कसं, ते ठरवलंय का? साधन हाताशी आहे का? विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. बहुतेकांना कोणीतरी विचारल्याचं हायसं वाटतं. ‘उठूच नये’ असं कधी कधी वाटतं, ठरवलेलं काही नाही. पण माणूस रुळावर काम करणारा, गावच्या घरात कपाशीच्या फवारणीचं औषध, आणि सुट्टीला दारू. बायकोच्या मदतीने फवारणीचं औषध कुलूपबंद करून किल्ली भावाकडे दिली, अल्प्राझोलामच्या गोळ्या आठवड्याच्या हिशोबाने बायकोच्या हातात. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानसचा १४४१६ नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये जतन केला. तो देशभर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

टिपण आणि पुढचं

कागदावर लिहिलं ते असं: पीटीएसडी, जानेवारीतल्या कामावरच्या घटनेनंतर; मध्यम तीव्रतेचा नैराश्याचा झटका, त्यानंतर सुरू झालेला; धोक्याचं मद्यपान; अल्प्राझोलामवर अवलंबित्व, डॉक्टरी चिठ्ठीपासून सुरू झालेलं; बी-१२ ची कमतरता. क्रम मुद्दाम हाच. पहिली ओळ गेली की उरलेल्या चार ओळी एकट्या पडतात आणि प्रत्येकीचा वेगळा, अपुरा उपचार होतो.

अल्प्राझोलाम एकदम बंद केली तर घाबरेपणाचे झटके, कधी फेफरंही येऊ शकतं, म्हणून ०.२५ची गोळी अर्धी करत दर दोन आठवड्यांनी ०.१२५ने उतरवली, आठ आठवड्यांत शून्य. सर्ट्रालिन हे नैराश्यविरोधी औषध २५ मिलिग्रॅमपासून, आठवड्याने ५०. मेमध्ये एस्सिटालोप्राम फसलं त्याचं कारण बहुधा सरळ १० ने सुरुवात आणि ‘पहिले दहा दिवस घाबरेपणा वाढू शकतो’ हे न सांगणं. (हे डोस या प्रकरणातले आहेत. ते पाहून कोणी स्वतः काही सुरू किंवा बंद करू नये.) आघातावर केंद्रित मानसोपचाराच्या दर आठवड्याला एक अशा बारा बैठका ठरल्या.

सगळ्यांत अवघड होती नोकरीची बाजू. त्यांना भीती होती की रेल्वेच्या डॉक्टरांना कळलं की लोको पायलटला लागणारा ए-वन हा वैद्यकीय वर्ग जाणार. पण झोप उडालेला, रात्री अल्प्राझोलाम घेऊन दुसऱ्या दिवशी गाडी चालवणारा माणूस स्वतःला आणि इतरांना धोक्यात घालतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, आणि दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून लागेल तेवढीच माहिती उघड करण्याची वाटही ठेवतो. ती वाट वापरायची वेळ आली नाही. दोन भेटी यावरच घालवल्या आणि त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. सोबत दिलेल्या पत्रात निदान, अंदाजे मुदत आणि ‘तोपर्यंत रनिंग ड्यूटी नको’ एवढंच होतं, घटनेचे बारकावे नव्हते.

बारा आठवड्यांनी पीसीएल-५ ४७वरून २९, पीएचक्यू-९ १६वरून ८. पीसीएल-५ वर दहाहून जास्त गुणांची घट म्हणजे खरा फरक धरतात. स्वप्नं आठवड्याला चार-पाचवरून एकावर. वजन दोन किलो भरलं. फाटकावर उभं राहून गाडी जाताना पाहणं अजून जमत नाही, रनिंगवर परतण्याचा निर्णय झालेला नाही. जानेवारीत घटनेची तारीख परत येईल तेव्हा लक्षणं काही दिवस वर येण्याची शक्यता आहे. ते दोघांना आधीच सांगितलं आहे, आणि पुढची भेट त्या तारखेच्या चार दिवस आधीची दिली आहे.